शाळेच्या बँडमधल्या मुलांना शिकवणी आणि रोजचा सराव सक्तीचा असावा का?

सुरावट (धागाकर्ती):
आठवड्यातून दोनदा सगळे मिळून वाजवतात, म्हणजे सराव झालाच, असं बऱ्याच पालकांना वाटतं. मला हे मुळीच पटत नाही. ती तालीम झाली. तीस-चाळीस वाद्यं एकदम वाजत असताना एका मुलीचे ओठ माउथपीसवर (वाद्याच्या फुंकायच्या टोकावर) कसे बसलेत, हे शिक्षकांना कळणार कसं?

क्लॅरिनेटचंच घ्या. सॅक्सोफोनवर तीच बोटं ठेवून वर गेलं की 'सा'चा वरचा 'सा' मिळतो. क्लॅरिनेटवर मिळतो वरच्या सप्तकातला 'प'. म्हणून खालच्या आणि वरच्या भागासाठी बोटं वेगळी शिकावी लागतात. शिवाय मधे एक जागा अशी येते की जवळपास सगळी बोटं मोकळी असतात आणि लगेच पुढच्या स्वराला जवळपास सगळी छिद्रं एकदम झाकायची असतात. एक बोट जरा तिरकं पडलं की वाद्य किंचाळतं. हे समोर बसून, हळूहळूच शिकवावं लागतं. म्हणून आठवड्याला अर्धा तास स्वतंत्र शिकवणी आणि घरी रोज वीस मिनिटं वाजवणं सक्तीचं करावं, त्याला गुणही द्यावेत.

मात्रा_सोळा:
पूर्ण असहमत. सरावाच्या वहीत मुलं 'वीस मिनिटं' लिहितात, आईबाबा सही करतात, विषय संपला. मिनिटांना गुण दिले की मूल घड्याळाकडे बघत वाजवतं. आणि शिकवणीचे पैसे कोण भरणार? ज्यांना परवडतं त्यांची मुलं पहिल्या रांगेत, बाकीची मागे. शाळेचा बँड ही वाद्य हाती घेण्याची अनेकांची एकमेव संधी असते. तिथेही ही उतरंड नको.

सुरावट:
पैशांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शिकवणी शाळेतच, शाळेच्या वेळात, पाळीपाळीने व्हावी. दर आठवड्याला वेगळा तास बुडाला तर एकाच विषयाचं नुकसान होत नाही. पण सक्ती नसेल तर सरावाला कायम सगळ्यात शेवटची जागा मिळते, त्याचं काय?

पितळी_आवाज:
ट्रम्पेट शिकवतो, म्हणून लिहितो. तीन व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) दाबून नळीच्या जेमतेम सात लांब्या मिळतात. बाकी सगळे स्वर ओठ आणि श्वासातून काढायचे. ओठ म्हणजे स्नायू. चार दिवस वाद्याला हात न लावता पाचव्या दिवशी सलग दोन तास वाजवलं, तर ओठ सुजतात आणि मूल माउथपीस तोंडावर दाबून वरचे स्वर काढायला लागतं. ती सवय मोडायला फार काळ जातो. त्यामुळे 'रोज' या शब्दावर मी ठाम आहे, 'वीस मिनिटं' वर नाही. नवख्याने जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती घ्यावी. दहा मिनिटंही चालतील, पण काम ठरलेलं हवं: आधी लांबवून धरलेले स्वर, मग दुसऱ्या ओळीतले चार बार (आवर्तनासारखे छोटे भाग), मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर. नुसतं 'सराव कर' म्हटलं की मूल पहिल्यापासून शेवटपर्यंत धडा वाजवतं आणि अडतं तिथे रोज अडतं.

शेवटची_रांग:
घरची परिस्थिती कुणी धरतच नाहीये. एका खोलीत आजारी माणूस झोपलेलं असेल तर ट्रम्पेट कुठे वाजवायचा? स्नेअर ड्रमवाल्याला रबरी पॅड चालतं, ट्रम्पेटला म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावता येतो, पण ट्युबा, ते अवाढव्य पितळी वाद्य, तर घरी नेताच येत नाही. या मुलांचे गुण कापणार? आधी शाळेने सुटल्यावर एक खोली उघडी ठेवावी, मग सक्तीचं बोलावं.

मात्रा_सोळा:
+१. आणखी एक. 'जेवढा एकांतातला सराव, तेवढं कौशल्य' यासाठी मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा अभ्यास हमखास पुढे केला जातो. तो मुख्यतः बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवर होता. सहावीतल्या मुलाला तीच फूटपट्टी का? शेजारच्याचा स्वर ऐकून आपला जुळवणं, आपली ओळ मागे ठेवून दुसऱ्याला पुढे येऊ देणं, हे एकट्याने खोलीत शिकता येत नाही. तालमीला दुय्यम ठरवू नका.

सुरावट:
दुय्यम ठरवत नाहीये. पण ज्याला स्वतःची ओळ येत नाही तो शेजाऱ्याचं ऐकणार कसा? त्याचं सगळं लक्ष बोटांत अडकलेलं असतं. बरं, मिनिटांचे गुण सोडते. त्याऐवजी आठवड्याला एक ओळ ध्वनिमुद्रित करून पाठवायची आणि शिक्षकांनी एका वाक्यात पुढचं काम सांगायचं. हे चालेल?

मात्रा_सोळा:
गुण नसतील तर चालेल. पण चाळीस मुलांना दर आठवड्याला उत्तर द्यायचा वेळ शिक्षकांना शाळेने दिला पाहिजे. तो फुकटात मागू नये.

पितळी_आवाज:
@शेवटची_रांग, ट्युबावाल्यांना निदान माउथपीस घरी न्यायला सांगा. खिशात मावतो. त्यावर ओठ थरथरवून स्वर धरण्याचा सराव करता येतो, आवाजही वाद्याच्या मानाने खूपच कमी. बोटांचं काम मात्र त्याने होत नाही, खोलीची मागणी योग्यच आहे.