ग्रिमलॉकचा पाय निखळलाय, मुंबईत कोण दुरुस्त करेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. दादाचा 1985 सालच्या डायनोबॉट्समधला, म्हणजे डायनासोर होणाऱ्या ट्रान्सफॉर्मर्स रोबोट खेळण्यांमधला, ग्रिमलॉक आता माझ्या लेकाकडे आहे. रोबोटचे दोन्ही पाय जुळवले की टी-रेक्सची शेपूट होते, आणि नेमकी तिथलीच धातूची बारीक पिन काल निसटून हरवली. डावा पाय नुसता लोंबकळतोय. लेक रात्री त्याला उशाशी घेऊन झोपला. फेविक्विक लावायला मन धजत नाही, सांधा कायमचा आखडेल. क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं. नवी खेळणी ढीगभर, दुरुस्ती करणारा एकही नाही. घड्याळवाल्याकडे अशी पिन मिळेल का? लालबाग ते दादर पट्ट्यात कुणी कारागीर ठाऊक आहे? चोरबाजारात कुणाला स्नार्ल, म्हणजे त्यांच्यातला स्टेगोसॉरस, दिसला तर तेही नक्की कळवा. दादाकडचा फार पूर्वीच हरवला.