सातवर चारदा

जुन्या बटणांच्या मोबाइलवर खिशात हात घालून, न बघता मेसेज टाइप करता यायचा म्हणतात, ते अगदी खरं! पाचच्या बटणावर तो बारीक उंचवटा असायचा ना, अंगठा तिथे टेकला की बाकीची बटणं आपोआप सापडत. सातवर पी, क्यू, आर, एस अशी चार अक्षरं, त्यामुळे 'एस'साठी सातवर चारदा दाबायचं. आणि रोमन लिपीत 'आई' (aai) लिहायचं तर दोन एकदा, क्षणभर थांबायचं, पुन्हा दोन, मग चार तीनदा. ती मधली थांबण्याची लय माझ्या अंगठ्यात अजून आहे.

टी-नाइनचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकदाच बटण दाबलं की शब्द ओळखणाऱ्या सोयीचं, कौतुक मलाही आहे, पण मराठीसाठी मी ते बंदच ठेवायचो. माझ्या फोनमधला त्याचा शब्दकोश इंग्रजी, आपला 'कधी येतेस' त्याला कुठून कळणार?

मला सगळ्यात जास्त आठवते ती मात्र अक्षरांची मर्यादा. एका मेसेजचा आकार १४० बाइट. त्यात रोमन अक्षरं १६० मावत, पण देवनागरीत लिहिलं की फक्त ७०, आणि मात्राही वेगळी मोजली जाई. 'किती' म्हणजे चार! म्हणून आपण 'आहे'चा नुसता 'एच' केला, स्वर गाळले, पूर्णविरामानंतरची जागा खाल्ली. तरी एखाद्यासाठी मी मुद्दाम देवनागरीत लिहायचो, दोन मेसेजचे पैसे गेले तरी चालतील म्हणून. तसे आलेले मेसेजही मी कधी पुसले नाहीत. इनबॉक्स भरला की बाकीचे एकेक काढायचो, ते तेवढे ठेवायचो.