गॅमा-किरण स्फोट टिपणारे स्फटिक: विकत घ्यायचे की इथे वाढवायचे?

खडूफळा:
६ ऑक्टोबर २०१५ ला इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचं सीझेडटीआय हे गॅमा किरण टिपणारं उपकरण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याला गॅमा-किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून क्षणभर येणारा गॅमा किरणांचा झोत, सापडला. आजवर सहाशेच्या वर सापडलेत. गॅमा किरण भिंगाने एकवटता येत नाहीत, म्हणून वर टँटलमची भोकाभोकांची जाळी, खाली कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिकाचे ६४ मॉड्यूल. प्रत्येकात २५६ पिक्सेल. खिडकीच्या जाळीतून उन्हाची नक्षी जमिनीवर पडते ना, तशी सावली पिक्सेलवर पडते. तिच्यावरून दिशा काढायची. सगळं छान, पण मॉड्यूल बाहेरून आणलेले! आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने असे स्फोट शोधायला आखलेल्या 'दक्ष' उपग्रह मोहिमेला असे शेकडो लागतील. स्फटिक इथेच वाढवायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

सह्यकडा:
अजिबात पटलं नाही. हजार अंशांच्या वर वितळलेला स्फटिकाचा रस हळूहळू गोठवताना टेल्युरियमचे बारीक कण आत अडकतात. किरण पडल्यावर तयार झालेला विद्युतभार अशा जागी अडकला की ऊर्जेचा आकडा चुकतो आणि तो तुकडा बाद. हे हातात बसायला फार वर्षं जातात. उलट विकतच्या मॉड्यूलमधून आपल्या लोकांनी काय काढलं ते बघा. फोटॉन, म्हणजे किरणाचा कण, एका पिक्सेलला धडकून शेजारच्यात उडतो, तो कुठल्या बाजूला जास्त उडतो ते मोजून ध्रुवीभवन, म्हणजे किरणांच्या कंपनाची दिशा, काढलं! खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाचं (गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) ते मोजमाप २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कस तिथे लागतो.

आडवाट:
सह्यकडांशी सहमत, पण माझं कारण वेगळं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या गुरुत्वलहरी आल्या, पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरण आले. तेव्हा नासाचा स्विफ्ट उपग्रह आणि अ‍ॅस्ट्रोसॅट दोघांच्याही आड पृथ्वी होती. आजही ते आठवलं की हळहळ वाटते. 'दक्ष'चे दोन उपग्रह पृथ्वीच्या दोन बाजूंना ठेवायचे आहेत ते यासाठीच. स्फटिकांसाठी खोळंबून अशी आणखी एक टक्कर हुकवायची?

खडूफळा:
'दक्ष' थांबवा असं मी म्हणतच नाही. त्यासाठी मॉड्यूल खुशाल विकत घ्या, तेवढं मान्य. पण हेच स्फटिक रुग्णालयांतल्या गॅमा कॅमेऱ्यातही बसतात. जर्मेनियमच्या स्फटिकांना ठेवावं लागतं तसं त्यांना अतिथंड ठेवावं लागत नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकटी इस्रो नाही. भट्टी आज पेटवली तर 'दक्ष'च्या पुढच्या मोहिमेला माल इथला मिळेल. सह्यकडा, वर्षं लागतात म्हणता, मग सुरुवात कधी करायची?