१३ कॉम्बिनेशनं चिकटवा म्हणे!

शिरोलीकर:
बिल्डिंग डिझाईनच्या स्टॅड सॉफ्टवेअरबद्दल काल शाहूपुरीकरांनी लिहिलं, "जुन्या स्टॅड फाईलमधली १३ कॉम्बिनेशनं चिकटवा, रन मारा, विषय संपला." संपत नाही ओ, तिथनंच सुरू होतो! कॉम्बिनेशन म्हणजे भारांच्या केसेसची गुणकं लावलेली बेरीज; तिला केसचं नाव कळत नाही, नंबर कळतो. जुन्या फाईलीत १ ईएक्स, २ ईझेड (दोन दिशांचा भूकंप), ३ डेड (बांधकामाचं वजन), ४ लाईव्ह (माणसं, सामान). नव्या फाईलीत भिंतीची केस वेगळी केली की ४ भिंत, ५ लाईव्ह. मग चिकटवलेल्या १.५(३+४) मध्ये लाईव्ह लोड कुठंय? एरर नाही, वॉर्निंग नाही, कॉलम झक्कास पास.

शाहूपुरीकर:
भूकंपाविना १, चार दिशांच्या भूकंपासह तीनदा ४ : १+४+४+४ = १३. साध्या आरसीसी बिल्डिंगला कोडमधनं एवढीच निघतात. नंबर बघून चिकटवायची अक्कल गृहीत धरली, चुकलंच. आणि भिंतीला वेगळी केस हवीच कशाला? डेडमध्ये टाका.

बावडेकर:
भिंतीचं निघालंच आहे तर ऐका. ३ मीटर मजला, ४५० मिमीचा बीम, २३० मिमीची वीट, घनमीटरला २० किलोन्यूटन : ०.२३ × २.५५ × २० = ११.७ किलोन्यूटन प्रति मीटर. दोन्हीकडचा गिलावा धरून १३. निम्मे लोक सरसकट १० टाकतात आणि विचारलं की "खिडक्या वजा केल्या". केस वेगळी असली तर तिची एकूण रिअ‍ॅक्शन भागिले भिंतीचे रनिंग मीटर, चोरी लगेच दिसते. मालकानं ऐनवेळी हलके एएसी ब्लॉक ठरवले तर बदलही एकाच ठिकाणी.

शाहूपुरीकर:
चोरी? शब्द जपून. खिडकीच्या जागी वीट नसते एवढं तरी मान्य आहे ना?

बावडेकर:
मान्य. पण वजा करायचं तर त्या बीमवर, ती खिडकी मोजून. बिनखिडकीच्या भिंतीवर पण १० कसे? त्यात भिंत १८९३ च्या (भूकंपाचा आयएस कोड) डेफिनिशनमधल्या वेटमध्ये टाकायची राहते ते वेगळंच. २०१६ च्या कोडात कोल्हापूर झोन ३, झोनचा झेड ०.१६, महत्त्वाचा आय १, तन्यतेचा आर ५, कमी पिरियड (आखूड डोलकाळ) : एएच, म्हणजे वजनाच्या किती पट भूकंपाचा आडवा भार, ०.०४. १००० किलोन्यूटन भिंत विसरली की ४० चा बेस शिअर (पायाशी येणारा आडवा भार) गेला.

शाहूपुरीकर:
वेट विसरतात, हे खरंय. खिडक्यांवर माघार नाही.

रंकाळाकाठ:
भिंत पुरे! शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या शेडना पण हीच १३ लावताय. त्यात वारा कुठंय? दोन दिशा, आतला दाब अधिक आणि उणे, किमान ४ केसेस. ०.९ डेड + १.५ वारा नसेल तर अँकर बोल्टचं अपलिफ्ट (वाऱ्यानं वर उचललं जाणं) दिसणारच नाही. ब्रेसिंग टेन्शन-ओन्ली (फक्त ओढ घेणारं) असेल तर लोड कॉम्बिनेशन चालतच नाही. ते नुसती उत्तरांची बेरीज करतं, आणि प्रत्येक केसमध्ये ढिल्या पडलेल्या ब्रेसिंग वेगळ्या असतात. तिथं रिपीट लोडच : भार आधी एकत्र, अ‍ॅनालिसिस मग.

शिरोलीकर:
पी-डेल्टालाही (झुकलेल्या कॉलमवर वजनानं वाढणारा मोमेंट) तेच.

शाहूपुरीकर:
बरं बाबांनो, शेडला रिपीट लोड. बिल्डिंगला माझी १३च, नंबर तपासून. खूश?

बावडेकर:
आणि खिडक्या?

शाहूपुरीकर:
वजा!