कियांती क्लासिको इतकी आंबट-तुरट का लागते?

रंकाळा_कट्टा:
मंडळी, कियांती क्लासिको रिझेर्वा या इटालियन रेड वाईनच्या २ बाटल्या आहेत, गळ्यावर काळ्या कोंबड्याची खूण. एक उघडली. रंग वाटला होता त्यापेक्षा फिका, कडेला विटकरी झाक. घोट घेतला की आधी आंबट, मग हिरड्या आवळतात, गोडवा नावालाही नाही. बिघडलीय की असते अशीच? दुसरी रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर उघडायची आहे.

द्राक्षबाग:
असते अशीच. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांवरची ही वाईन, आणि तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेझे जातीचं द्राक्ष लागतं. या द्राक्षात रंग बेताचा, पण पिकल्यावरही आंबटपणा सोडत नाही. तुरटपणा साल आणि बियांमधल्या टॅनिनचा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तोच प्रकार. वासात आंबट चेरी, वाळलेला पाला, मुरलेली असेल तर चामडं आणि तंबाखू. रिझेर्वा किमान २४ महिने मुरवलेली असते, त्यामुळे कडेची विटकरी झाक वयाची आहे, दोषाची नाही.

नुसतं ‘कियांती’ लिहिलेली बाटली वेगळी. तिथे सांजोवेझे ७० टक्के असलं तरी चालतं, थोडी पांढरी द्राक्षंही घालता येतात. क्लासिकोत २००६ च्या हंगामापासून पांढरी बंद. कियांतीच्या गवताच्या वेष्टनातल्या गोल बाटलीवरून क्लासिकोची चव ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

बिघाड नाकाला आधी कळतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा आला तर आंबली. उकडलेल्या मनुकांसारखा वास आणि बूच वर सरकलेलं असेल तर बाटली उन्हात तापलीय.

शाहूपुरी_खानसामा:
पेल्यात किती तापमानाला ओतली? ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड मुलखातला. आपल्याकडे एप्रिलात खोलीच ३० अंशांच्या वर असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात घुसतं आणि फळाचा वास दबतो. १६ ते १८ अंश हवेत. बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत १० मिनिटं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून थेट ओतू नका, गारठ्यात तुरटपणा उलट कडवट होतो. तशी झालीच तर पेल्यात १५ मिनिटं राहू द्या.

आणि नुसतं बूच काढून बाटली उभी ठेवण्याला अर्थ नाही, अरुंद गळ्यातून हवा लागते किती? रुंद भांड्यात ओतून अर्धा-पाऊण तास ठेवा. तळाशी गाळ असेल तर शेवटचे दोन बोटं बाटलीतच राहू द्या.

तिखटजाळ:
तांबडा रस्सा नको, भावा. कांदा-लसूण मसाल्याच्या जाळावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही तेल ओततात. तोंड पेटतं आणि वाईनची चवही कळत नाही. या वाईनला मीठ आणि चरबी हवी, त्यांनी तुरटपणा बसतो. आंबटपणा मग चरबी कापतो. मटणाच्या चापा मीठ, लसूण, मिरपूड लावून तव्यावर भाजा, किंवा सुक्क्यात चटणी निम्म्यावर आणा. टोमॅटोचा आंबटपणाही हिला झेपतो.

द्राक्षबाग:
पांढरा रस्सा मात्र चालेल, मिरची कमी ठेवलीत तर.

रश्श्याबरोबरच हवी असेल तर महाग बाटली वाया घालवू नका. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली वाईन कंपनीवाले सांजोवेझे लावतात, त्यांची साधी बाटली थोडी जास्त गार करून घ्या.

रंकाळा_कट्टा:
चापा ठरल्या. उघडलेल्या बाटलीत अर्धी उरलीय, तिचं काय?

शाहूपुरी_खानसामा:
छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा, फ्रीजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. त्यापुढे मटण शिजवताना घाला, पण पितळी भांड्यात नको.