सिंधू जलकरार स्थगित ठेवून आपण नेमके काय मिळवले?

दुआब (धागाकर्ता)

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने पाकिस्तानशी नद्यांच्या पाणीवाटपाबाबत झालेला १९६० चा सिंधू जलकरार स्थगित केला आणि पाकिस्तान सीमेपलीकडून होणाऱ्या दहशतवादाला पाठिंबा देणे कायमचे थांबवेपर्यंत तो तसाच राहील, असे जाहीर केले. त्या हत्याकांडाचा संताप मलाही आहे. तरीही या निर्णयाने आपल्या हाती काय आले, हे शांतपणे तपासायला हवे, असे मला वाटते.

सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्यांवर करारानुसार भारताला ३६ लाख एकर-फूट, म्हणजे साधारण १५७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवता येते. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे, म्हणजे हा वाटा तिच्या दीडपट झाला. इतकीही साठवण आपण साठ वर्षांत उभारली नाही. चिनाबवरचे बगलिहार आणि सलाल हे मोठा साठा न करता वाहत्या प्रवाहावर वीज निर्माण करणारे प्रकल्प आहेत. त्यांच्या आधारे पाणी काही दिवस पुढेमागे करता येते, पावसाळ्यातला लोंढा अडवता येत नाही. त्यामुळे पाणी वाहतेच आहे, थांबली आहे ती करारानुसार नेमलेल्या दोन्ही देशांच्या सिंधू आयुक्तांमधली माहितीची देवाणघेवाण. ऑगस्ट २०२५ मध्ये तावी आणि सतलजला पूर आले, तेव्हा भारताने इशारे दिले हे खरे. पण ते मानवतेच्या भूमिकेतून, उच्चायुक्तालयामार्फत द्यावे लागले.

माझी खरी काळजी पुढची आहे. हा करार ज्या काळात झाला, त्या काळी हिमनद्या अशा वेगाने आटतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि करारात हवामानबदलाचा शब्दही नाही. अशा वेळी करार बदलून घ्यायला हवा होता. आपण तो टांगून ठेवला. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये चीनने ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर, तिबेटमध्ये, सुमारे ६० हजार मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाचे काम सुरू केले. तिथे आपण खालच्या काठावर आहोत. वरच्या काठाने माहिती रोखणे योग्य, असे पश्चिमेला म्हटल्यावर पूर्वेला त्याच माहितीची मागणी कोणत्या तोंडाने करायची?

कोरडवाहू

आपल्या मांडणीत एक मोठी गाळलेली जागा आहे. करार बदलून घ्यायला हवा होता, असे आपण म्हणता. तो प्रयत्न झालाच नाही काय? भारताने जानेवारी २०२३ मध्ये फेरबदलाची नोटीस दिली, २०२४ मध्ये पुन्हा दिली, आणि दुसऱ्या नोटिशीत बदललेली लोकसंख्या, स्वच्छ ऊर्जेची गरज व दहशतवाद या कारणांचा उल्लेख होता. पाकिस्तानने बोलणी सुरू केली नाहीत. आणि साठवण का उभी राहिली नाही, तेही पाहावे. झेलमचे पाणी अडवणाऱ्या तुलबुल प्रकल्पाचे काम पाकिस्तानच्या आक्षेपामुळे १९८७ पासून बंद पडले. सलाल धरणाचे तळाचे दरवाजे पाकिस्तानशी केलेल्या तडजोडीमुळे आपणच बुजवले आणि ते धरण गाळाने भरले. मे २०२५ मध्ये सलाल व बगलिहार इथला गाळ नदीत सोडण्यात आला, तो करार स्थगित होता म्हणूनच.

चीनविषयीचा आपला मुद्दा तर मला मुळातच पटत नाही. २०१७ मध्ये डोकलाम इथे भारत-चीन सैन्ये समोरासमोर उभी ठाकली, त्या काळात ब्रह्मपुत्रेची पावसाळी आकडेवारी चीनकडून आली नाही. त्या वर्षी सिंधू करार आपण तंतोतंत पाळत होतो. आपल्या सौजन्याचे बीजिंगला तेव्हा काही वाटले नाही, ते आज वाटेल असे मानायला आधार काय?

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पूर वाढतो की नाही, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो आणि तज्ज्ञांतही एकमत नाही. पण कोणत्या धरणातून किती क्युसेक विसर्ग कधी सुटणार, हे आधी कळले तर माणसे वाचतात, यावर नदीकाठी कुणाचाच वाद नाही. एकाच देशातल्या दोन राज्यांत हा समन्वय राखताना इतकी ओढाताण होते. पाकिस्तानी लष्कराबद्दल मला यत्किंचितही ममत्व नाही, मात्र चिनाबच्या काठावर रात्री गुरे सोडून पळणारा शेतकरी मला ओळखीचा वाटतो. पूर-इशारा हा वाटाघाटीचा हुकमी पत्ता होता कामा नये.

दुआब (धागाकर्ता)

कोरडवाहू, २०१७ चे उदाहरण मला मान्य करावे लागेल. करार पाळल्याने चीन वठणीवर येतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तुलबुल आणि सलालबद्दलही आपण बरोबर आहात. पण कलम १२ नुसार हा करार दोन्ही देशांनी मान्य केलेल्या नव्या कराराशिवाय बदलता वा संपवता येत नाही, आणि स्थगितीची तरतूद त्यात नाही. वाद सोडवण्यासाठी करारात दोन मार्ग आहेत: त्यांतल्या लवाद न्यायालयाचे अधिकार आपण मानत नाही, तटस्थ तज्ज्ञाच्या प्रक्रियेतूनही बाहेर आहोत. मग आपली बाजू मांडण्याची जागा कोणती? भारताला नव्या करारात कोणती कलमे हवी आहेत, त्यांचा मसुदा सरकारने लोकांपुढे ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. तो मसुदा कुठेच दिसत नाही, म्हणून ही स्थगिती मला धोरणाऐवजी प्रतिक्रिया वाटते.

कोरडवाहू

मसुदा जाहीर व्हावा, याला माझी हरकत नाही. पूर-इशारा स्थगितीतून वगळावा, हे कृष्णाकाठ यांचे म्हणणेही मी मान्य करतो. तो आयुक्तांमार्फतच जावा. मात्र प्रकल्पांच्या आराखड्यांची माहिती आणि पाहणीची परवानगी यांबाबत मी तसूभरही मागे हटणार नाही. आधी तुलबुलवर काम सुरू होऊ द्या, सलालचे दरवाजे मोकळे होऊ द्या. आपल्या वाट्याचे १५७ टीएमसी साठवण्याची सोय झाल्यावर बोलणीला बसू, कारण रिकाम्या हातांनी बसलो तर समोरचा पुन्हा १९८७ चेच उत्तर देईल.