'वापरता येते' की 'जमते'?

मापक : शिक्षकांना स्वतःच्या तंत्रज्ञान-कौशल्यांबद्दल काय वाटतं याची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणतोय. 24 विधानं, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा 5 पायऱ्या. 'मला स्प्रेडशीट वापरता येते' इथे गाडं अडलंय. शाळेत संगणकच नसेल तर तरबेज माणूसही 'असहमत'वर खूण करतो. मोजायचं कौशल्य, मोजली जाते सोय. उलट-भाषांतरात हे सापडलं नाही, कारण मराठीवरून परत इंग्रजी केलं की वाक्य जसंच्या तसं मिळतं.

रेघोटी : '-ता येणे'ला दोन पदर आहेतच. 'मला पोहता येतं' हे अंगातलं, 'इथून चालत जाता येतं' हे वाटेतलं. 'जमते' करा.

अनुस्वार : अजिबात नको. 'उद्या यायला जमणार नाही' यात कौशल्य कुठे आहे? 'जमते'त वेळ, हौस, मूड सगळंच येतं. त्यापेक्षा नेमकं काम लिहा : '30 विद्यार्थ्यांचे गुण भरून मी त्यांची सरासरी कोणाच्या मदतीशिवाय काढू शकतो/शकते.'

रेघोटी : 'शकणे'लाही तोच रोग आहे की! शिवाय प्रत्येक ओळीत तो तिरका दांडा. 'मला … येते' लिहिलं की लिंगाची कटकट मिटते, म्हणून तर भाषांतरकार तिकडे वळतात.

अनुस्वार : मग अट आधी घाला. 'समोर चालू संगणक असेल, तर मला … काढता येईल.' संगणक मिळतो का, हा प्रश्न निराळा, 'हो/नाही'चा. आणि सहमती विचारू नका, खात्री विचारा. मानसशास्त्रज्ञ बांडुरा स्व-क्षमतेसाठी, म्हणजे 'हे मला करता येईल' या स्वतःवरच्या विश्वासासाठी, 0 ते 100 अशी खात्रीच मोजायला सांगतो. तुमची ही 'असहमत ते सहमत' पट्टी लिकर्टची, 1932ची, आणि ती मतांसाठी होती.

एक विधान, एक काम हेही पाळा. 'ईमेल व सादरीकरण करता येते' असं लिहिलं आणि एकच येत असेल, तर त्या माणसाने खूण कुठे करायची?

मुळाक्षर : स्प्रेडशीटला मराठी शब्द नाही का? 'तक्तापत्रक' म्हणा. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

अनुस्वार : रुळवायची जागा प्रश्नावली नव्हे. शब्द कळला नाही की लोक मधल्या पर्यायावर खूण करून पुढे जातात, आणि आकडेमोडीत ते अडाणीपण 3 गुण म्हणून मोजलं जातं.

मुळाक्षर : मग 'कौशल्य' तरी कशाला, 'स्किल' लिहा! कुशल म्हणजे हात न कापता कुश उपटणारा. कौशल्याची व्याख्याच त्यात आहे.

रेघोटी : ती व्युत्पत्ती ऐकायला छान आहे, पण अर्थावरून मागाहून रचल्यासारखी वाटते. संस्कृतात 'कुशल'चा 'क्षेम' हा अर्थही आहे, त्यात गवत कुठे बसवणार?

मापक : मधल्या पर्यायाला सध्या 'तटस्थ' लिहिलंय.

अनुस्वार : 'तटस्थ' म्हणजे दोन्ही बाजू ठाऊक असून काठावर थांबलेला. 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' हे पट्टीच्या बाहेर, वेगळ्या चौकटीत द्या. त्यांना गुण नाहीत. तसंच 'भीती वाटत नाही' असली नकारार्थी विधानं काढा. 'वाटत नाही'शी 'असहमत', म्हणजे वाटते की नाही? असं एखादं ठेवलंच तर गुण 6मधून वजा करून उलटवायला (5चा 1, 4चे 2) विसरू नका, नाहीतर क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, कोसळतो आणि दोष विनाकारण शिक्षकांच्या माथी येतो.

नमुना-फेरीआधी, म्हणजे प्रश्नावली थोड्या लोकांवर आजमावण्याआधी, पाच-सात शिक्षकांना विधानं मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येकाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगा. 'येते'चा घोळ तिथेच उघडा पडतो.

मुळाक्षर : 'तटस्थ'ऐवजी 'मध्यम' चालेल?

रेघोटी : मध्यम तर प्रतही असते. मत मध्यम कसं असेल?

मुळाक्षर : मवाळ असतं, जहाल असतं, मग मध्यमानेच काय घोडं मारलंय?